डॉलरच्या राजकन्या आणि कराराचा कागद

इंग्रजी ऐतिहासिक मालिकांमध्ये एक कथा पुन्हा पुन्हा येते. न्यूयॉर्कमधला एखादा नवश्रीमंत रेल्वेवाला किंवा कापडवाला, त्याची महत्त्वाकांक्षी बायको आणि लग्नाच्या वयाची मुलगी. समुद्रापलीकडे इंग्लंडात छप्पर गळत असलेला प्रचंड वाडा आणि त्या वाड्यात कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेला तरुण ड्यूक. मुलीकडे पैसा आहे, किताब नाही. ड्यूककडे किताब आहे, पैसा नाही. मग वाजंत्री वाजते, आणि खरी गोष्ट लग्नानंतर सुरू होते. थंडगार वाडा, नाक मुरडणारी सासू, नव्या सुनेच्या उच्चारांना हसणारे नोकर... आपल्या मराठी मालिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात परके असे काही वाटणार नाही. खाष्ट सासू तीच, फक्त डोक्यावर पदराऐवजी हिऱ्यांचा मुकुट!

या मालिकांची परंपरा जुनी आहे. १९७४ साली चर्चिलच्या आईवर 'जेनी' ही ब्रिटिश मालिका आली, ली रेमिक त्यात जेनी झाली होती. १९९५ साली बीबीसीने 'द बकनीअर्स' केली. २०१० ते २०१५ या काळात 'डाउन्टन अ‍ॅबी'ने तर जगाला वेड लावले. त्याच ज्युलियन फेलोज यांची 'द गिल्डेड एज' २०२२ पासून आली आणि २०२३ मध्ये 'द बकनीअर्स' पुन्हा नव्याने, आजच्या पॉप गाण्यांसकट, पडद्यावर आली.

मी सरकारी कारकून. बी. ए. ला इतिहास घेतला होता आणि नोकरीतली काही वर्षे विवाह नोंदणीच्या टेबलावर गेली. त्यामुळे असेल, पण या मालिका पाहताना माझे लक्ष झगे आणि झुंबरांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीकडे जाते. लग्नाआधी बंद दाराआड वकील बसतात, कागदावर सह्या होतात, आणि कॅमेरा लगेच नवरीच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे वळतो. माझे मन मात्र त्या कागदापाशीच थांबते. त्यात लिहिले काय होते? पैसा कुणाच्या नावावर गेला? मला वाटते, या सगळ्या राजकन्यांची खरी कहाणी त्या कागदात आहे.

आधी, इंग्लंडच्या सरदारांवर ही वेळ का आली ते पाहू. त्यांचे उत्पन्न म्हणजे जमिनीचा खंड. आपल्याकडच्या जुन्या भाटकारांसारखेच म्हणा, फक्त माप हजारो एकरांचे. कुळे गहू पिकवणार, गव्हाला भाव असेल तर खंड देणार. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे गणित कोसळले. अमेरिकेच्या मध्यभागातल्या अफाट सपाट प्रदेशातला गहू रेल्वेने बंदरात आणि तिथून आगबोटीने लिव्हरपूलला येऊ लागला. १८७७ मध्ये इंग्लंडात गव्हाचा भाव एका क्वार्टरला (हे तिकडचे धान्याचे माप) ५६ शिलिंगांच्या घरात होता. १८९४ मध्ये तो २३ शिलिंगांच्याही खाली आला. त्याच १८९४ साली सरकारने वारसांवर नवा मृत्यूकर बसवला. वाडे मोठे, नोकर शेकड्यांनी, बहिणींचे नेमणुकीचे पैसे द्यायचे, बापाची कर्जे फेडायची, आणि खंड निम्मा!

ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनिम राजवाड्याचे उदाहरण घ्या. मार्लबरो ड्यूकचे हे घर. १८८० च्या दशकात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा ग्रंथसंग्रह लिलावात काढला. १८८५ मध्ये राफाएलचे एक प्रसिद्ध चित्र ७०,००० पौंडांना राष्ट्रीय कलादालनाला विकले. भिंतीवरचे विकून झाल्यावर विकायला उरला तो फक्त किताब. आणि तो खरेदी करायला गिऱ्हाईक अटलांटिकच्या पलीकडे उभे होते.

त्या गिऱ्हाइकाचीही अडचण समजून घेतली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये पैसा होता, पण प्रतिष्ठेची दारे जुन्या डच आणि इंग्रज घराण्यांनी आतून लावून घेतली होती. मिसेस अ‍ॅस्टर या बाई ठरवणार कोण खानदानी आणि कोण नाही. त्यांच्या बॉलरूममध्ये मावतात तेवढेच, म्हणजे चारशेच लोक न्यूयॉर्कमध्ये मोजण्यासारखे, असे म्हटले जाई. जुन्या ऑपेरा हाउसात नवश्रीमंतांना बॉक्स मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा उभारले. ते १८८३ मध्ये उघडले. 'द गिल्डेड एज'च्या दुसऱ्या भागात हीच लढाई आहे. त्यातली बर्था रसेल ही बाई बरीचशी बेतली आहे अल्वा व्हँडरबिल्टवर. या अल्वाने मार्च १८८३ मध्ये असा वेषांतराचा बॉल दिला की मिसेस अ‍ॅस्टरनाही शेवटी तिच्या घराची पायरी चढावी लागली.

पण मुलगी डचेस झाली की मिसेस अ‍ॅस्टरची परवानगी लागतच नाही! १८९० मध्ये 'टायटल्ड अमेरिकन्स' नावाची एक यादीच छापून निघाली. कोणकोणत्या अमेरिकन मुलींनी परदेशी सरदारांशी लग्ने केली ते तिच्यात होते, आणि अजून कोणते सरदार लग्नाचे शिल्लक आहेत तेही होते. आपल्या वधू-वर सूचक मंडळांच्या वहीची सोनेरी कडांची आवृत्तीच म्हणायची.

आता कागदाकडे येऊ. १८९५ हे या व्यवहाराचे सर्वांत गाजलेले वर्ष. एप्रिलमध्ये शिकागोच्या लायटर घराण्यातली मेरी, जॉर्ज कर्झनशी लग्न करून गेली. आणि ६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये अल्वाची मुलगी कॉन्सुएलो नववे मार्लबरो ड्यूक यांची पत्नी झाली. कॉन्सुएलो होती १८ वर्षांची. तिचे मन दुसरीकडे होते, आईने तिला कोंडून ठेवले, धाक घातला, आपल्या जिवाला धोका असल्याची भीती दाखवली. लग्नाच्या सकाळी ती रडून रडून चर्चला उशिरा पोचली. हे सगळे तिने स्वतः १९५२ साली आत्मचरित्रात सांगितले आहे.

त्या लग्नाचा करार असा होता : बीच क्रीक रेल्वे कंपनीचे ५०,००० शेअर्स, दर्शनी किंमत २५ लाख डॉलर्स, एका विश्वस्त निधीत ठेवायचे. त्यावर किमान ४ टक्के लाभांशाची हमी न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेची, म्हणजे व्हँडरबिल्टांच्याच कंपनीची. म्हणजे वर्षाला एक लाख डॉलर्स. आणि हे उत्पन्न कुणाला? ड्यूकला, तो जिवंत असेपर्यंत. त्याच्या मागे मग कॉन्सुएलोला.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन गोष्टींनी थक्क झालो.

पहिली गोष्ट रेल्वेची. इंग्लंडच्या जमीनदारांना बुडवले अमेरिकेच्या गव्हाने. तो गहू आतल्या प्रदेशातून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आणणाऱ्या प्रमुख रेल्वेंपैकी एक होती न्यूयॉर्क सेंट्रल. त्या वाहतुकीच्या भाड्यावर व्हँडरबिल्टांची तिजोरी भरली. आणि ज्या रेल्वेने ड्यूकच्या कुळांचा भाव पाडला, तिच्याच हमीचा पैसा सुनेच्या पदराला बांधून ब्लेनिमला परत आला! मालिकांमध्ये हे लग्न म्हणजे जुने जग आणि नवे जग यांची नाट्यमय भेट असते. हिशेबाच्या वहीत पाहिले तर ते एकाच गाडीचे जाणे आणि येणे आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती मला जास्त टोचली. इंग्लंडात पूर्वी लग्न झाले की बायकोची चीजवस्तू, रोकड, सगळे नवऱ्याचे होई. श्रीमंत बाप त्यातून वाट काढत ती विश्वस्त निधीची. १८७० च्या आणि मुख्यतः १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर स्वतःचा हक्क मिळाला. म्हणजे १८९५ मध्ये कॉन्सुएलोला बापाने नुसते पैसे दिले असते, तर ते तिचेच राहिले असते. कायदा तिच्या बाजूने होता! पण लग्नाच्या करारानेच त्या निधीचे उत्पन्न नवऱ्याच्या हयातीपुरते त्याच्याकडे वळवले. कायद्याने दिलेले एका सहीने गेले. आणि १८ वर्षांच्या मुलीशी त्याबद्दल कोण चर्चा करणार?

सगळे बाप असे नव्हते, हेही सांगायला हवे. वीस वर्षे आधी, एप्रिल १८७४ मध्ये, जेनी जेरोमने याच मार्लबरो घराण्यातल्या लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलशी पॅरिसच्या ब्रिटिश वकिलातीत लग्न केले. तिचा बाप लेनर्ड जेरोम शेअरबाजारातला जुगारी माणूस, पण मुलीच्या पैशाबाबत ठाम. त्याने ५०,००० पौंडांची तरतूद केली आणि त्याच्या वार्षिक उत्पन्नातला वाटा मुलीच्या स्वतःच्या हातात पडला पाहिजे असा हट्ट धरला. ड्यूकचे वकील चकित झाले. बायकोला वेगळे पैसे कशाला, नवरा आहे ना! शेवटी दोन हजारांतले एक हजार तिला आणि एक हजार त्याला, अशी तडजोड झाली. जेरोम ज्या न्यूयॉर्क राज्यातून आला होता तिथे विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा १८४८ मध्येच झाला होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या जोडप्याचा मुलगा विन्स्टन त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ब्लेनिममध्ये जन्मला.

मालिकांनी हा कागद अगदीच विसरला आहे असे मी म्हणणार नाही. 'डाउन्टन अ‍ॅबी'चा पहिला भाग तर उभाच आहे कागदावर. सिनसिनाटीच्या कोराचा पैसा सासऱ्याने कायमचा इस्टेटीला जोडून टाकला आहे. पोटी तीन मुली. १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर वारस बुडतो आणि मग किताब, वाडा आणि कोराच्या बापाने कमावलेला डॉलर न्‌ डॉलर, सगळे एका दूरच्या, कधी न पाहिलेल्या नातेवाइकाकडे जाणार! पुढे तिसऱ्या भागात तिचा नवरा रॉबर्ट तोच पैसा कॅनडाच्या ग्रँड ट्रंक रेल्वेत घालून घालवतो. (पुन्हा रेल्वे!) आणि कोरा? ती त्याला धीर देते. मालिका आपल्याला तिच्या मोठ्या मनाचे कौतुक करायला लावते. मी मात्र त्या प्रसंगात विचार करत होतो, की हा पैसा होता कुणाचा, हा साधा प्रश्न त्या घरात कुणी मोठ्याने का विचारत नाही?

एडिथ व्हॉर्टन या लेखिकेला हा प्रश्न नेमका ठाऊक होता. ती स्वतः जुन्या न्यूयॉर्कची, असल्या मुली तिने जवळून पाहिलेल्या. 'द बकनीअर्स' ही तिची शेवटची कादंबरी, १९३७ मध्ये ती वारली तेव्हा अपुरीच राहिली आणि पुढच्या वर्षी तशीच छापली गेली. 'बकनीअर' म्हणजे समुद्री लुटारू. इंग्लंडच्या सरदारांवर चाल करून आलेल्या अमेरिकन मुली, असा तो थट्टेचा शब्द. पण लूट नेमकी कुणी कुणाची केली, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

आपल्या वाचकांना यातला एक माणूस पुस्तकांतून चांगला परिचयाचा आहे. तो म्हणजे लॉर्ड कर्झन, वंगभंगवाला. १८९९ मध्ये तो व्हाइसरॉय होऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर शिकागोच्या कापडाच्या व्यापाऱ्याची ही लेक आली आणि हिंदुस्थानातल्या सर्वोच्च पदावरच्या इंग्रजाची पत्नी म्हणून मिरवली. १९०३ च्या दिल्ली दरबारातला तिचा मोरपिसांचा झगा इतिहासप्रसिद्ध आहे. सोन्यारुप्याच्या तारांचे जरदोजी काम दिल्लीच्या कारागिरांनी केले, मोरपिसाच्या डोळ्याच्या जागी भुंग्यांचे चमकते हिरवे पंख शिवले, आणि कापड पॅरिसला वर्थच्या दुकानात पाठवून त्याचा झगा झाला. तो आजही इंग्लंडात केडलस्टनच्या वाड्यात ठेवलेला आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाला, जो आपल्याकडे छप्पनचा दुष्काळ म्हणून ओळखला जातो, तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. मालिकांच्या भरजरी कपड्यांत हा धागा कधी दिसत नाही.

मेरी १९०६ मध्ये अवघ्या ३६ व्या वर्षी गेली. कर्झनने तिच्यासाठी सुंदर संगमरवरी समाधी बांधली. त्याचे तिच्यावर प्रेम होते यात शंका नाही. पण तीन मुली मोठ्या झाल्या आणि आजोबांच्या लायटर निधीतला आपला वाटा मागू लागल्या, तेव्हा बाप आणि थोरल्या दोघी मुली यांच्यात असा बिघाड झाला की तो शेवटपर्यंत मिटला नाही. समाधी आईच्या नावाची आणि भांडण आईच्या पैशाचे.

हुंड्याचा हा इंग्रजी व्यवहार आपल्या किनाऱ्यालाही एकदा शिवून गेला आहे. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, तेव्हा रोख रकमेबरोबर मुंबईही हुंड्यात गेली. गोव्यातला व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ काश्त्रु याला हे मुळीच पसंत नव्हते, त्याने होता होईल तेवढी चालढकल केली आणि १६६५ मध्ये नाइलाजाने ताबा दिला. तीन वर्षांनी चार्ल्सने ती बेटे ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. नवरीच्या पदरात काय पडले? अनोळखी दरबार आणि नवऱ्याच्या नाटकशाळा.

आता थोडे आपल्या घरचे. कॉन्सुएलोच्या लग्नाच्या पंचवीस वर्षे आधी, १८७० मध्ये, पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात लागू झाली. तिच्यातला विवाहाचा भाग आजही आपल्याला लागू आहे. त्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचाही त्यात निम्मा हक्क. घर, जमीन विकायची तर दुसऱ्याची सही हवी. कारभार नवऱ्याच्या हाती, हा त्या संहितेतला काटा होताच. तिला फार डोक्यावर घेऊन नाचायचे कारण नाही. पण गोव्यातल्या साध्या घरातल्या सुनेला जो निम्मा वाटा कागदोपत्री होता, तो ब्लेनिमच्या डचेसला नव्हता, हेही खरे.

मात्र लग्नाआधीचा करार आपल्याकडेही करता येतो. नोंदणीच्या टेबलावर मी पाहिले आहे, की पुष्कळदा मुलीच्या वतीने तिचे वडील किंवा भाऊच बोलतात. "सही कर गो, सगळे बरोबर आहे," म्हणतात. ती सही करते. क्वचित एखादी मुलगी कागद हातात घेऊन सावकाश वाचते, एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हे काय?" असे विचारते. मागे रांग वाढते, घरचे चुळबुळ करतात. मला अशा मुलीचे कौतुक वाटते. तिला मी सावकाश समजावून सांगत असे.

कॉन्सुएलोचे पुढे काय झाले? दोन मुलगे झाले. पहिला १८९७ मध्ये झाला, तेव्हा ड्यूकच्या आजीला हायसे वाटले, कारण तोपर्यंत पुढचा वारस होता चुलतभाऊ विन्स्टन, आणि तो म्हातारीला अजिबात नको होता! १९०६ मध्ये नवराबायको वेगळी झाली. १९२१ मध्ये घटस्फोट झाला आणि कॉन्सुएलोने आपल्या पसंतीने जाक बाल्सान या फ्रेंच वैमानिकाशी लग्न केले. १९२६ मध्ये रोमच्या न्यायपीठाने पहिला विवाह जबरदस्तीचा म्हणून रद्द ठरवला. साक्ष कुणाची? आईची. अल्वाने स्वतः सांगितले, की मी तिला भाग पाडले. ही अल्वा तोवर अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मतदानाच्या चळवळीची मोठी पुढारी आणि देणगीदार झाली होती. जिने मुलीला बोलू दिले नाही, तिने पुढे सगळ्या बायकांच्या मतासाठी पैसा ओतला. माणसे अशी सरळ रेषेत बसत नाहीत.

'द गिल्डेड एज'च्या २०२५ च्या तिसऱ्या भागात बर्थाने आपल्या ग्लॅडिसला बकिंगहॅमच्या ड्यूकला दिले. हा किताब खरा होता, पण तो १८८९ मध्ये वारस नसल्यामुळे संपला. शेवटचा खरा ड्यूक १८७५ ते १८८० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नईतला बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा. मालिकेत ग्लॅडिस रडत रडत चर्चमध्ये जाते. ही कॉन्सुएलोचीच सकाळ आहे. मालिका जरूर पाहा, मीही पाहतो. फक्त वकील टेबलाशी बसले की थोडे लक्ष द्या.

कॉन्सुएलो १९६४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला इंग्लंडात नेऊन ब्लेनिमजवळच्या ब्लेडन गावच्या साध्या चर्चच्या आवारात, धाकट्या मुलाशेजारी पुरले. महिन्याभराने, जानेवारी १९६५ मध्ये, त्याच आवारात विन्स्टन चर्चिल आला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली होती. ड्यूक मात्र तिथे नाही. तो १९३४ मध्येच गेला आणि राजवाड्याच्या आतल्या घराण्याच्या तळघरात विसावला.